हो, ऐकायचे पैसे घेतात

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. विचारणारे तुम्ही एकटे नाही. मी मनाच्या दुखण्यासाठी एका खासगी थेरपिस्टकडे जातो, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्याकडे, हे मी लपवत नाही, त्यामुळे कुणी ना कुणी मला बाजूला घेतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "तिथं नेमकं करतात काय हो?" मी तोंड उघडेपर्यंत दुसरा प्रश्न येतो, आणि मनातला प्रश्न तोच असतो: "म्हणजे नुसतं ऐकून घ्यायचे एवढे पैसे?"

आजवर कधी मी हसून वेळ मारून नेली, कधी विचारणाऱ्याच्या अंगावर गेलो. दोन्हींनी कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते उरकून घेतो. कोचावर आडवं व्हावं लागत नाही. दोन खुर्च्या असतात, बहुतेकदा जरा तिरक्या मांडलेल्या, म्हणजे नजर चुकवायची असली तर चुकवता येते. तास म्हणतात, पण तो 50 मिनिटांचा असतो, काहींचा 45. सुरुवातीला एक कागद सही करायला देतात. तो वाचा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही असं त्यात असतं आणि ते कधी जाऊ शकतं हेही असतं: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, एखाद्या मुलाचा छळ होत असेल, किंवा कोर्टानं मागितलं तर. मग चौकशी सुरू होते. झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, आधी कुठे दाखवलं होतं का, औषधं चालू आहेत का. काही जण नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात, तिचे गुण 0 ते 27, जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारतात. दचकू नका. विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

थोडक्यात, पहिली भेट निम्मी फॉर्म भरण्यातच जाते. सल्ला मिळत नाही. हात हलवत बाहेर पडल्यासारखं वाटलं तर त्यात विशेष काही नाही. फक्त तुम्हीही विचारायचं राहू देऊ नका: शिक्षण काय, नोंदणी कुठली, कोणत्या पद्धतीनं काम करता, तुमच्या कामावर सुपरव्हिजन, म्हणजे जाणत्या थेरपिस्टची देखरेख, कुणाचं. खासगीत हे जास्त गरजेचं, कारण समुपदेशक अशी पाटी पुष्कळ ठिकाणी कुणालाही लावता येते. औषधं लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, ते वेगळे. आणि "किती दिवस लागतात?" याचं एक आकडेवारीचं उत्तर आहे. 1986 साली केनेथ हॉवर्ड हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांची मोजदाद केली, तेव्हा आठ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांत सुधारणा दिसली होती आणि 26 पर्यंत तीन चतुर्थांश लोकांत. मी पहिल्या निम्म्यांत नव्हतो, एवढंच सांगतो.

आता पैशांचं.

माझ्या थेरपिस्टचा नियम 48 तासांचा आहे. त्याहून उशिरा सेशन रद्द केलं तर पूर्ण फी. त्या कागदावर मी सही केली होती, आणि वाचून केली होती. जायला लागून बरेच महिने झाले होते, घडी बसली होती. अशात एका सेशनच्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या कॅरिडॉरमध्ये उभं राहून, एका हातात तिच्या चपला आणि चष्मा धरून, दुसऱ्या हातानं मी मेसेज टाकला: आई पडली आहे, आज येता येणार नाही. थोड्या वेळानं उत्तर आलं. "कळवल्याबद्दल धन्यवाद. ठरल्याप्रमाणे आजच्या सेशनची फी लागू राहील. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वेळी भेटू."

मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. आईची चौकशी नाही, 'काळजी घ्या' नाही. त्याच बाईंसमोर मी आईबद्दल असं काही बोललो होतो जे सख्ख्या भावालाही माहीत नाही. मी तिथल्या तिथे पैसे पाठवले. लगेच पाठवणं हाच माझा सूड होता. रात्री वहीत लिहिलं, "शेवटी धंदाच. लोक बरोबर म्हणत होते."

पुढच्या आठवड्यात गेलो आणि अगदी गोड वागलो. ऑपरेशन कसं झालं, वॉकर कधी मिळणार, फिजिओथेरपी कधीपासून. अर्धा वेळ त्यातच काढला. मग त्यांनी विचारलं, "माझा मेसेज वाचून काय वाटलं?"

"काही नाही. नियम आहे तो."

त्या गप्प राहिल्या. मीही. मग म्हणाल्या, "काही नाही म्हणताना तुम्ही पिशवीचा बंद बोटाला आवळत होतात."

खाली पाहिलं तर बंदाचे दोन वेढे पडले होते आणि बोटाचं टोक पांढरं झालं होतं.

मग मी बोललो. चांगला आवाज चढवून बोललो. माझ्या आईच्या हाडापेक्षा तुम्हाला तुमची फी मोठी वाटली, म्हणालो. इथं दर आठवड्याला कळवळ्यानं मान डोलावता ती मीटर चालू असेपर्यंतच, म्हणालो. आणखीही बरंच, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झालं आणि मला दरदरून घाम फुटला. आमच्या घरी रागावलेल्या पोराशी, ते माफी मागेपर्यंत, कुणी बोलत नसे. एकदा तो अबोला इतका लांबला की मी काय म्हणून रागावलो होतो तेच विसरून गेलो होतो, तरी माफी मागितली. त्यामुळे पुढचं मला सवयीनं येत होतं. 'सॉरी' अगदी ओठांवर आलं होतं.

त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, "माफी नको. मेसेज कोरडा होता. आईची विचारपूस आधी करायला हवी होती, ती मी केली नाही, ते चुकलं माझं. फीचा नियम मात्र बदलत नाही. त्याबद्दल तुम्ही माझ्यावर रागावलेले राहिलात तरी चालेल."

रागावलेला राहिलो तरी चालेल! हे ऐकून काय करायचं असतं ते मला माहीतच नव्हतं. मी रागावलेलाच घरी गेलो. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी त्याच खुर्चीत त्या बसलेल्या होत्या, मी अजून धुमसत होतो, आणि आमचं बोलणं सुरू झालं. अबोला नाही, टोमणा नाही. तोपर्यंत माझी झोप, माझं ऑफिस, माझी चिडचिड यावर आम्ही पुष्कळ बोललो होतो. त्या सगळ्या बोलण्यापेक्षा या भांडणानं जास्त काम केलं, असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणतो, कारण सिद्ध करून दाखवता येणार नाही.

नंतर वाचलं की जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन या मानसशास्त्रज्ञांनी थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या अशा बिघाडांचाच अभ्यास केलेला आहे. बिघाडाची दोन रूपं ते सांगतात. एकात माणूस आक्रसून घेतो, गोड बोलतो, मुद्द्याला बगल देतो. दुसऱ्यात अंगावर येतो. मी एकाच बैठकीत दोन्ही उरकली होती. असा बिघाड दोघांनी मिळून सांधला तर उपचाराला त्याचा फायदा होतो, हे त्यांचं म्हणणं. वाचून आधी बरं वाटलं, मग पुन्हा डोकं फिरलं. म्हणजे आईच्या चपला हातात धरून काढलेली ती सकाळसुद्धा यांच्या वर्गवारीत चपखल बसते!

बुडवलेल्या तासाच्या फीचा वाद माझ्यापासून सुरू झालेला नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानं 1913 सालीच लिहून ठेवलंय की रुग्णाला ठरावीक तास नेमून दिला की तो त्याचा, तो आला नाही तरी पैसे त्यानं द्यायचे. गाण्याच्या आणि भाषेच्या शिकवणीत असंच चालतं, हा त्याचा दाखला. पण हाच गृहस्थ 1918 साली मनोविश्लेषकांच्या बुडापेस्टच्या परिषदेत म्हणाला की गरिबालाही मनाच्या उपचारांचा हक्क आहे आणि कधी ना कधी ते फुकट मिळायला लागतील. 1920 मध्ये बर्लिनला त्याच्या अनुयायांनी तसा दवाखाना काढलाही. मला सोयीचं असेल तेव्हा मी 1913 चा फ्रॉइड पुढे करतो, चिडलो की 1918 चा.

वहीत 'धंदाच' लिहिणाऱ्या त्या माझ्याशी मी अजून हुज्जत घालतो. त्याला म्हणतो, धंदा आहे, कबूल. पण मित्राजवळ मन मोकळं करताना तू सारखा त्याचा चेहरा बघत असतोस, कंटाळला का, घरी जायचंय का. नंतर त्याचं ऐकायची पाळी तुझी. इथं फी दिली की उधारी उरत नाही. एकच रडगाणं कितीही वेळा गायलं तरी मिंधेपण नाही. बाईंच्या तोंडावर त्यांना वाटेल ते बोलता आलं, ते पैसे देत होतास म्हणूनच ना? यावर तो फक्त एवढंच विचारतो, की ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं कुणावर रागवायचं? काही थेरपिस्ट परिस्थिती पाहून फी कमी करतात, हे मी त्याला सांगतो. तो म्हणतो, पण ते मागावं लागतं, आणि मागायचं बळ असतं तर माणूस तिथं गेला असता का? इथं माझी बोलती बंद होते.

तेव्हा "एवढे पैसे?" याचं माझं उत्तर: हो, एवढे. मला परवडतात म्हणून देतो, आणि आईच्या त्या दिवसाची फी घ्यायला नको होती असं आजही म्हणतो. त्यांच्या तोंडावर म्हणतो.

मध्यंतरी त्या स्वतः आजारी पडल्या. सकाळी मेसेज आला की आजचं सेशन रद्द. 48 तास सोडाच, चार तासही उरले नव्हते. मेसेजचं पहिलं वाक्य दिलगिरीचं होतं, हे मी टिपून घेतलं. पुढच्या वेळी बसल्या बसल्या विचारलं, "आता माझी फी कोण देणार?" त्या मनापासून हसल्या. "प्रश्न बरोबर आहे," म्हणाल्या, "बोलू या त्यावर." बोललो, चांगले 50 मिनिटं. माझं म्हणणं त्यांना पटलं नाही, त्यांचं मला. त्या 50 मिनिटांचे पैसे अर्थातच मी दिले.