दर महिन्याची गच्ची

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून मेसेज आला तेव्हा वाटलं की स्नेहसंमेलन, सहल, मैदान यावर बाकीचे लिहितीलच, आपण शाळेच्या गच्चीवरून आकाश बघण्यावर लिहू. शाळेत शिकलेलं पुष्कळ विसरलो, पण गच्चीवर जे शिकलो ते आजही दर महिन्याला करतो.

आमचे विज्ञानाचे सर दर महिन्यात शुद्ध पंचमी ते दशमीच्या मधली एखादी संध्याकाळ ठरवायचे. ज्याला यायचंय त्यानं यायचं, मार्क नाहीत की हजेरी नाही. पौर्णिमेला का नाही सर, असं कोणी विचारलं की सर उत्तर द्यायचे नाहीत, सरळ एकदा पौर्णिमेलाच बोलवायचे. दुर्बिणीला डोळा लावला की नुसता पांढराशुभ्र सपाट गोळा, डोळे दिपायचे, टायको विवरापासून फुटलेले लांब पट्टे तेवढे उठून दिसायचे, बाकी खड्डा कुठला आणि डोंगर कुठला काही कळायचं नाही कारण सूर्य समोरून असल्यामुळे सावल्याच नसतात. मग पुढच्या महिन्यात अष्टमीचा अर्धा चंद्र. उजेड आणि काळोख जिथे भेटतात त्या रेषेवर विवरांच्या कडा अशा वर आलेल्या की हात लावून बघावं, आणि काळोखाच्या बाजूला, रेषेपासून जरा आत, एक सुटा उजळ ठिपका. ते एका डोंगराचं टोक, तिथे सूर्य उगवलाय आणि पायथ्याशी अजून रात्र आहे. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्याच रात्री सर सांगायचे की उद्या-परवा परत बघा, आणि खरंच अष्टमीला जिथे काहीच नव्हतं तिथे दीडेक दिवसात ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर काळोखातून बाहेर यायचं.

दुर्बीण चार इंची आरशाची होती, पण सरांचा जास्त भर नुसत्या डोळ्यांवर असायचा. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, करंगळी एक अंश, आणि चंद्र त्या करंगळीच्याही अर्धा. चंद्र रोज साधारण तेरा अंश पूर्वेकडे सरकतो म्हणजे एक मूठ आणि वर थोडं, म्हणून तो रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. पुस्तकात हे एक वाक्य आहे. गच्चीवर आम्ही चंद्र रोहिणीच्या ताऱ्याजवळ असताना मधलं अंतर वहीत काढून ठेवायचो आणि तासाभरानं परत बघायचो, तेवढ्यात तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला असायचा. म्हणजे आपल्या डोळ्यादेखत तो पृथ्वीभोवती फिरत होता!

ग्रहांना मात्र धीर लागतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटर, जवळपास साठ हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता, त्यामुळे सगळीकडे नुसती चर्चा. सरांनी मात्र जूनपासूनच आम्हाला ताऱ्यांचा नकाशा देऊन ठेवला होता, मंगळ दिसला की शेजारचे तारे बघून त्यावर ठिपका द्यायचा, तारीख लिहायची, ढग असले तर जागा रिकामी. ठिपके आधी पूर्वेकडे गेले, जुलैच्या शेवटी थांबले, मग उलटे पश्चिमेकडे, आणि सप्टेंबर संपता संपता परत सरळ. वक्री मंगळ हा शब्द घरोघरी ऐकलेला असतो पण तो कागदावर स्वतःच्या पेन्सिलनं काढलेला कितीजणांनी बघितलाय? मंगळ खरा मागे जात नाही, आतल्या कक्षेतून वेगात जाणारी पृथ्वी त्याला ओव्हरटेक करते म्हणून तसं दिसतं, हे सरांनी नकाशा पुरा झाल्यावर सांगितलं, आधी नाही. मला ही शिकवायची पद्धत आजही ग्रेट वाटते.

आणि मग २००४ चा मार्च. आमची दहावीची परीक्षा त्याच दिवसांत, तरी रोज संध्याकाळी दहा मिनिटं गच्ची ठरलेली. बुध, शुक्र, मंगळ, शनी, गुरू असे पाचही ग्रह एकाच वेळी संध्याकाळच्या आकाशात, पश्चिमेकडून पूर्वेकडे याच क्रमानं, आणि २२ मार्चपासून २ एप्रिलपर्यंत चंद्र एकेकाच्या शेजारून गेला, बुधापासून गुरूपर्यंत. बुध सूर्यापासून कधीच २८ अंशांपेक्षा लांब जात नाही, म्हणून सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ मिळतो, तो आधी बघून घ्यायचा आणि मग निवांत वर यायचं. महिनाअखेरीला दुर्बिणीतून शुक्र जवळपास अर्धा दिसत होता आणि चंद्रही अर्धा, दोघांची उजळ बाजू सूर्याकडे. सूर्यमाला म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी समजलं, आकृतीवरून कधीच समजलं नव्हतं.

३ एप्रिलला शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्याला लागून होता. नंतर एप्रिल-मेमध्ये तो मोठा मोठा होत गेला आणि बारीकही, शेवटी अगदी कोर, आणि मग संध्याकाळच्या उजेडात हरवला. ८ जूनला तो सूर्यासमोरून गेला, शुक्राचं अधिक्रमण, याआधीचं थेट १८८२ मधलं. आम्ही शाळेतून बाहेर पडलो होतो तरी सरांनी बोलवलं. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली होती आणि तिच्यावर सूर्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढा काळा गोल ठिपका हळूहळू सरकत होता. त्या दिवशी नवीन आलेली मुलं ठिपका बघून दोन मिनिटांत बाजूला होत होती, त्यांची काही चूक नाही. आम्ही तिथून हललो नाही कारण तो अर्ध्याची कोर होताना, सूर्याकडे उतरताना आम्ही बघितला होता. दर महिन्याला बघितलेलं नसतं तर आमच्यासाठीही तो ठिपकाच राहिला असता.

वही अजून चालू आहे, आता चौथी की पाचवी. शुक्र दर आठ वर्षांनी जवळपास तसाच वागतो, २०१२ आणि २०२० मध्येही ३ एप्रिललाच तो कृत्तिकांपाशी होता, दोन्ही वेळा बॅचच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आता २०२८. दहावीत मिथुनेत बघितलेला शनी आणि सिंहेतला गुरू, दोघं २१ डिसेंबर २०२० ला मकरेत एकमेकांपासून फक्त दशांश एक अंशावर आले, शनी अर्ध्या फेरीहून थोडा जास्त चाललेला आणि गुरू जवळपास दीड फेरी. टीव्हीवर त्याला दुर्मिळ दृश्य म्हणत होते, ते होतंच, पण मला त्यात दोघांचा सोळा-सतरा वर्षांचा प्रवास दिसत होता. शनी परत मिथुनेत येईल २०३३ च्या सुमारास.

दुर्बीण अजून शाळेच्या प्रयोगशाळेत आहे असं कळलं, फक्त आरसा काळवंडलाय. आरशाला नवीन ॲल्युमिनियमचं कोटिंग करून द्यायचं काम मी घेतो, माउंट म्हणजे तिचा स्टँड घट्ट करायचं कामही. समारंभाच्या महिन्यातली शुद्ध अष्टमी मुख्याध्यापकांनी तेवढी मोकळी ठेवावी, आणि आठवी-नववीच्या मुलांनी येताना एक कोरी वही आणि पेन्सिल आणावी, मोबाईल खालीच ठेवावा कारण अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं तरी लागतात.