बोअरवेलचे पाणी आणि टीडीएस मीटरवरचा भरवसा

स्वतःच्या बोअरवेलचे पाणी पिणाऱ्यांशी बोलताना माझ्या एक गोष्ट नेहमी लक्षात येते. पाणी चांगले आहे का, असे विचारले की ते टीडीएस मीटरवरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा, आकडा सांगतात. हा मीटर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज तेवढा देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे, त्यामुळे आर्सेनिक तिच्या कित्येक पट असले तरी शेकड्यांतल्या त्या आकड्यात ते कळून येणार नाही. (तरीही खिशात मावणाऱ्या त्या यंत्रावर लोकांचा जो विश्वास आहे, तो प्रयोगशाळेच्या अहवालाच्या वाट्याला क्वचितच येतो.)

माझ्या मते पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेण्याआधी बोअरचे तोंड नीट पाहावे. केसिंग पाइप (बोअरच्या भोकात बसवलेला पाइप) जमिनीच्या वर फूटभर तरी आलेला असावा, त्याभोवतीच्या ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला असावा, आणि झाकण घट्ट बसलेले असावे. मोटरची केबल आत जाते ते भोक तर बहुधा उघडेच राहिलेले असते, आणि त्यातून मुंग्या, पाली सहज आत जातात. सर्वांत घातक जागा मात्र वरून दिसत नाही. केसिंग आणि भोवतालची माती यांच्यातील पोकळी सिमेंटने भरलेली नसेल, तर गुरांच्या शेणातून किंवा शोषखड्ड्याजवळून वाहत आलेले पावसाचे पाणी मातीच्या थरांतून गाळले जाण्याऐवजी पाइपच्या बाहेरच्या अंगाने सरळ खाली उतरते. म्हणूनच कोरड्या दिवसांत निर्दोष ठरलेले पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर दूषित निघू शकते, आणि वर्षाकाठी एकच तपासणी करायची असेल तर ती त्याच सुमारास करावी.

नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, त्याआधी नळ काही मिनिटे वाहू द्यावा, बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये, आणि बाटली थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आढळला, तर विष्ठेचा अंश पाण्यात पोहोचला आहे असे समजून तेव्हापासून पाणी खळखळून उकळूनच प्यावे. नायट्रेट या विरघळलेल्या क्षाराच्या बाबतीत मात्र हा उपाय उलटतो, कारण उकळताना पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते. लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेले पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी वापरूच नये.

बोअरमध्ये क्लोरीन सोडल्याने आत असलेले बहुतेक जंतू मरतात, त्यांची वाट बंद होत नाही. उरलेल्या क्लोरीनमुळे अहवाल फसवा चांगला येतो, म्हणून ते पूर्ण निघून गेल्यावर, साधारण आठवड्याने, पुन्हा नमुना द्यावा. त्यातही जंतू निघाले तर आणखी क्लोरीन न ओतता केसिंग तपासून घ्यावे.