आईचा रोजचा प्रश्न: "ते बेडूक जेवले?"

इंग्लंडमध्ये स्विंडनला येऊन आम्हाला हे तिसरं वर्ष. गोव्यात डिचोलीला घरी व्हिडिओ कॉल लावला की आई आधी नातवाला बघते आणि मग लगेच, "आणि ते बेडूक? जेवले?" शेजारचे आजोबा मुलीकडे कायमचे राहायला गेले तेव्हा स्वतःच्या बागेतल्या तळ्यात जन्मलेले दोन टोड आमच्याकडे सोपवून गेले, तेव्हापासून ते घरचेच झालेत. टोड म्हणजे कोरड्या खडबडीत कातडीचा, उड्या कमी मारणारा बेडूक. आपल्याकडे पावसाळ्यात न्हाणीजवळ दिव्याखाली येऊन बसतो ना, तसाच, फक्त जात वेगळी.

मी पहिली चूक केली ती जेवणातच. पाहुणा पुरे म्हणाला तरी वाढायचं ही आपली सवय, आणि टोड तर पुरे म्हणतच नाही, समोर काही हललं की गिळलं. मी रोज संध्याकाळी मीलवर्म, म्हणजे पेट शॉपमध्ये मिळणाऱ्या किड्याच्या अळ्या, घालत राहिले आणि तीन महिन्यांत मादी इतकी फुगली की चालताना पोट जमिनीला घासायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की रोज घालू नका, आठवड्यातून दोन-तीनदाच, एका वेळी चार-पाच रातकिडे, आणि रातकिडा टोडच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मीलवर्मची साल कडक असते, ते कधीतरीच.

रातकिडे इथे पेट शॉपमध्ये डब्यात जिवंत मिळतात, पण तसेच उपाशी घातले तर टोडच्या पोटात नुसती सालच जाते, म्हणून आदल्या दिवशी मी त्यांना गाजर आणि पालेभाजी घालते. त्यांच्यात कॅल्शियम कमी असतं आणि ते नाही मिळालं तर टोडची हाडं मऊ पडतात, त्यामुळे घालायच्या आधी पिशवीत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी-३ ची पावडर टाकून रातकिडे हलवून घ्यायचे, अगदी मासे तळायच्या आधी रव्यात घोळवतो तसे. उरलेले रात्री काढायचेच, नाहीतर तेच टोडला चावतात.

खाताना मात्र बघत राहावं. आधी मागच्या पायाचं एक बोट थरथरतं, मग जीभ कधी गेली ते कळतच नाही, आणि गिळताना दोन्ही डोळे मिटून आत जातात, कारण डोळ्यांनीच तो घास खाली ढकलतो. आईला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती हातातली विळी बाजूला ठेवून बघत बसली.

पाण्याचं मला फार उशिरा कळलं. टोड तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून ओढून घेतो, म्हणजे पाण्यात जे असेल ते सगळं थेट अंगात. नळाचं पाणी रात्रभर ठेवलं की क्लोरीन उडून जातं पण क्लोरामिन (तेही पाणी शुद्ध करायलाच घालतात) असेल तर ते तसं जात नाही, त्यासाठी ते काढून टाकणाऱ्या वॉटर कंडिशनरचे थेंब पाण्यात घालावे लागतात. हात लावायच्या आधी साबण-क्रीम पूर्ण धुवून हात ओले करायचे आणि नंतर परत धुवायचे, कारण त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींत विष असतं. खाली अंथरायला मी नारळाचा काथ्या घालते, विटेसारखा दाबलेला मिळतो, आणि तो पैसे मोजून घेताना परसातला सोडणांचा ढीग आठवतोच.

इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये टोड तळ्याकडे निघतात तेव्हा ते गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून लोक रात्री बादल्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात आणि त्यांना उचलून पलीकडे सोडतात, फ्रॉगलाइफ नावाची संस्था हे सगळं जुळवून आणते. मी गेल्या वर्षी गेले होते. तेव्हा आपल्याकडचं 'जंपिंग चिकन' आठवून खूप वाईट वाटलं, पहिल्या पावसात टॉर्च घेऊन खायला बेडूक पकडतात ते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, तरी चालतंच. कृपा करून खाऊ नका, आणि घरात आणून पाळूही नका, दारात आलेल्याला तिथेच राहू दे, फक्त त्याच्यावर मीठ मारू नका आणि फिनेलचं पाणी तिथे ओतू नका.

आईने फिनेल बंद केलंय. मिरग लागला त्या आठवड्यात तिनेच मला कॉल लावला, फोन घेऊन मागच्या दारी गेली, पायरीखाली एक गलेलठ्ठ टोड बसला होता. "ह्याला पावडर नको गं, इथे रातकिड्यांना मापच नाही," म्हणाली, आणि मग एकदम हळू आवाजात, "थांब थांब, घेतला त्याने... डोळे आत गेले बघ!"