कव्हर उघडं असलं की दिसतो, लावलं की गायब

एसएसडी, म्हणजे डेटा साठवायचा ड्राइव्ह, डिटेक्ट होत नाही म्हणून आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक लॅपटॉप बघताक्षणी कळतात. एम डॉट टू स्लॉट, म्हणजे ड्राइव्हचं पातळ कार्ड बसवायची खाच, फक्त सॅटाचा असतो आणि लोक एनव्हीएमई घेऊन येतात, किंवा उलटं; या ड्राइव्ह जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती. आकार तोच, स्क्रूची जागा तीच, त्यामुळे बऱ्याचदा कार्ड व्यवस्थित बसतंही, पण बसलं म्हणजे चालणार असं नाही हे व्हिडिओवाले कधीच सांगत नाहीत. सॅटाच्या कार्डाला बहुधा दोन खाचा, एनव्हीएमईला एक, पण शेवटी स्लॉटला आतून कुठल्या लाइन जोडल्यात ते मॅन्युअलच सांगतं. दुसरा प्रकार म्हणजे नवा ड्राइव्ह बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, दिसतो आणि विंडोजमध्ये नाही. तिथे विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज करून पार्टिशन बनवायचं, काम संपलं.

ही केस यातली नव्हती. मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या तेव्हाच वैतागलेल्या होत्या. जुना २५६ जीबीचा ड्राइव्ह भरला म्हणून १ टीबीचा घेतला, तो दिसेना, कंपनीकडून बदलून घेतला, दुसराही दिसेना. "दादा, एकाच मॉडेलचे दोन दोन खराब कसे निघतील?" प्रश्न बरोबर होता. जुना ड्राइव्ह परत घातला की लॅपटॉप मस्त चालायचा, म्हणून सगळ्यांनी नव्यावर खापर फोडलेलं.

मॅन्युअल बघितलं, स्लॉट एनव्हीएमईचाच. त्यांचा ड्राइव्ह यूएसबी एनक्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, टाकला तर लगेच आला, हेल्थ एकदम स्वच्छ. आमच्याकडचा टेस्टिंगचा ड्राइव्ह लॅपटॉपमध्ये टाकला, तोही आला. म्हणजे ड्राइव्ह चांगला, लॅपटॉप चांगला, आणि दोघं एकत्र आले की बायोसमध्ये स्लॉट रिकामा. आमचे सिनियर लांबूनच म्हणाले, कम्पॅटिबिलिटी इश्यू, दुसऱ्या ब्रँडचा घ्यायला सांग. हा शब्द मला सहनच होत नाही. कारण सापडलं नाही की जॉबकार्डवर हाच लिहायचा, म्हणजे कस्टमर पुढे काही विचारत नाही. ते बायोस अपडेट करायलाही म्हणाले, केलं, काही फरक नाही.

मग बॅटरीचा कनेक्टर काढून त्यांचा ड्राइव्ह परत बसवला, कार्ड तिरकं आत सारून खाली दाबून स्क्रू लावला, बॅटरी जोडली आणि कव्हर न लावताच लॅपटॉप चालू केला. आला! पूर्ण मॉडेल नंबरासकट. खूश होऊन कव्हर लावलं, स्क्रू पिळले, चालू केला, गायब. परत उघडला, आला. सिनियर आता लूज कॉन्टॅक्ट म्हणायला लागले, जे तसं चूक नव्हतं, पण लूज का?

कव्हर उलटं करून लाइटखाली धरलं तर आतल्या बाजूला चौकोनी दाबलेला ठसा. ड्राइव्हवर जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे ड्राइव्ह थंड ठेवणारी पट्टी, होता, ड्राइव्हबरोबर डब्यातच आलेला आणि मॅडमनी डब्यावरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे नीट चिकटवलेला. तो डेस्कटॉपसाठी ठीक आहे, लॅपटॉपमध्ये तेवढी उंचीच नसते. एम डॉट टूचं कार्ड ०.८ मिलिमीटर जाडीचं, एक टोक स्क्रूने धरलेलं, दुसरं कनेक्टरमध्ये, मधला भाग अधांतरी. वरून कव्हरने हीटसिंक दाबला की कार्ड मध्ये वाकतं आणि कनेक्टरकडचं टोक किंचित फिरतं. तिथल्या पिना अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर, थोडं हललं तरी पुरतं. खात्रीसाठी हीटसिंकवर मातीची गोळी ठेवून कव्हर लावून काढलं, गोळी पार सपाट झालेली. जुन्या ड्राइव्हवर आणि आमच्या टेस्टिंगच्या ड्राइव्हवर हीटसिंक नव्हताच, म्हणून ते चालत होते.

हीटसिंक हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोडवला, त्याजागी उष्णता वाहून नेणारा पातळ पॅड लावला, कव्हर बंद, बायोसमध्ये ड्राइव्ह हजर. मग विंडोज टाकायला गेलो तर इन्स्टॉलर म्हणतो ड्राइव्हच सापडत नाही, पण ते अपेक्षितच होतं. इंटेल अकराव्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी, म्हणजे ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय, चालू असतं, पेनड्राइव्हवरून त्याचा ड्रायव्हर लोड केला की दिसतो. लोक बायोसमध्ये जाऊन व्हीएमडीच बंद करतात. नव्याने विंडोज टाकताना ते चालून जातं, पण आधीचं विंडोज असेल तर पुढच्या बूटला निळा स्क्रीन येतो आणि मग लॅपटॉप आमच्याकडे.

मॅडमना ठसा दाखवला. त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, "म्हणजे मी परत पाठवलेला पहिला चांगलाच होता?" बहुतेक हो, पण तो आता हातात नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येत नाही. कंपनीने तो उघडून तपासला की नुसता बदलून दिला हेही कळायला मार्ग नाही. डब्यात हीटसिंक घालणाऱ्यांनी त्याची उंची डब्याच्या बाहेर छापली असती तर काय बिघडलं असतं. आणि कनेक्टरच्या पिना इतक्या दिवसांच्या दाबाने किती थकल्यात हे मला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून महिनाभराने एकदा दाखवून जा असं सांगितलंय. सिनियरांनी तरीही जॉबकार्डवर कम्पॅटिबिलिटीच लिहिलं. मी खाली पेनने हीटसिंक असं वाढवलं.