'डाऊन'ची वही, पान 4: टेअर डाऊन

मराठीत एकटं 'पाडणे' सगळं निभावून नेतं. इंग्रजी मात्र कसं पाडलं तेही विचारते. खानदेशातलं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर घ्या. जेसीबी लावून भिंती आडव्या केल्या, तर 'नॉक डाऊन'. जागा मोकळी करायला पाडलं, एवढंच सांगायचं असेल तर 'पुल डाऊन'. सागाचे खांब, तुळया, कड्या नंबर टाकून एकेक काढल्या, तर 'टेक डाऊन'; आपलं 'घर उतरवणं' याच्याच जवळचं.

'टेअर डाऊन'ला ओरबाडण्याची धार आहे, म्हणून भिंतीवरचं पोस्टरही टेअर डाऊन होतं. पण कागदाचे तुकडे केले की 'टेअर अप'. (अमेरिकेत साध्या पाडकामालाही टेअर डाऊन सर्रास चालतं, तिथे राग शोधत बसू नका.)

खरी अडचण कर्माच्या जागेची. 12 जून 1987 ला बर्लिनमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन बर्लिनच्या भिंतीबद्दल म्हणाले, 'टेअर डाऊन धिस वॉल'. 'टेअर धिस वॉल डाऊन' हेही व्याकरणात बसतं. पण वॉलच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच हवं: 'टेअर इट डाऊन'. 'टेअर डाऊन इट' साफ चूक. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी टाकलेलं बरं, नाहीतर 'डाऊन' येईपर्यंत वाचणारा दमतो.

रूपं टेअर, टोअर, टॉर्न. 'वॉज टोअर डाऊन' वहीत हमखास सापडतं. 'वॉज टॉर्न डाऊन' हवं. अश्रूवाल्या 'टिअर'चं स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा.

पडणे-पाडणेचा घोळ तर आपला हक्काचा. पावसात धाबं आपोआप बसलं तर 'द रूफ टोअर डाऊन' नाही, 'कोलॅप्स्ड' किंवा 'फेल डाऊन'. रावेर-यावलकडे वादळात केळी आडवी होते, तिथे 'द स्टॉर्म नॉक्ड डाऊन द बनाना प्लांट्स'. त्याच वादळाने विजेच्या तारा तोडून खाली ओढल्या, तर मात्र 'टोअर डाऊन' शोभतं.

'घर तोडलं'चं 'ब्रेक डाऊन' करू नका. ब्रेक डाऊन दार होतं, आणि रस्त्यात बंद पडलेली गाडी.

नाम जोडून लिहायचं: 'टेअरडाऊन'. मोबाइल उघडून सुटे भाग मांडून दाखवणं म्हणजे टेअरडाऊन. अमेरिकेत पाडायच्याच हिशेबाने घेतलेल्या घरालाही तेच म्हणतात.

पान 5: 'बर्न डाऊन' आणि 'बर्न अप'.