सदतिसावी व्हायल

परवा घणसोलीहून भाच्याचा फोन. "आत्या, पोरीच्या उजव्या दंडावर डास चावल्यासारखं काहीतरी उठलंय. मांडीत टोचलं ते समजलं, पण दंडात कशाला?" दीड महिन्याचा डोस घेऊन आले होते. म्हटलं, "अरे, ती पोलिओची सुई. कातडीतच देतात, म्हणून तेवढं फुगतं. आपोआप बसेल. चोळू नका, आणि तुझ्या सासूला सांग, बटाटा लावायचा नाही."

फोन ठेवला आणि २५ एप्रिल २०१६ डोळ्यांपुढे आला. सोमवार होता.

तेव्हा मी दिघ्याला सरकारी आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे लसीकरण करणारी नर्स होते. डोंगराच्या पायथ्याची वस्ती, एप्रिलमध्ये पत्रे नुसते तापलेले. नोकरीभर आम्हाला एकच शिकवलेलं: लस वाया घालवू नका. थेंब मोजा, थंडी सांभाळा, व्हायलवरचा, म्हणजे लसीच्या बाटलीवरचा तो चौकोन पांढरा आहे का बघा; उष्णता लागली की तो काळा पडतो. आणि त्या दिवशीचा हुकूम असा की फ्रीजमधली जुनी पोलिओ लस सगळी बाहेर काढा, मोजा, पिशवीत सील करा, नष्ट करायला वर पाठवा. तिच्या जागी नवी. चौकोन पांढरेशुभ्र, मुदत शिल्लक, तरी फेकायची. आमच्या मावशी हळहळल्या, "सिस्टर, एवढी चांगली लस? कुणाला तरी पाजली असती."

मलाही ट्रेनिंगमध्ये हे पटायला वेळ लागला होता. जुन्या लसीत पोलिओचे तीन प्रकार होते. त्यातला दुसरा, मूळचा रोगकारक, जगात शेवटचा सापडला तो आपल्याच अलीगडमध्ये, १९९९ साली. आजार गेला, पण लसीतला त्याचा जिवंत, अशक्त केलेला विषाणू आपण पाजतच राहिलो. जिथे बरीच मुलं डोसाविना राहतात तिथे तोच विषाणू मुलामुलांतून फिरत फिरत पुन्हा जोर धरतो आणि लुळेपणा आणू शकतो. म्हणून दुसरा प्रकार काढून टाकायचा. पण एका देशाने थांबवला आणि शेजाऱ्याने चालू ठेवला, तर थांबवणाऱ्याचीच नवी बाळं उघडी पडतात. म्हणून १५५ देश-प्रदेशांनी १७ एप्रिल ते १ मे या पंधरवड्यातच बदल करायचं ठरवलं. आपल्या वाट्याला २५ तारीख आली. आमच्या गल्लीत दोन मंडळांचा गणपती एका दिवशी ठरत नाही, तिथे हे!

तर मोजणी. रजिस्टरला ३७, हातात ३६. पुन्हा मोजल्या. आयएलआरच्या, म्हणजे लशीच्या फ्रीजच्या टोपल्या उपसल्या, डीप फ्रीजरमधला बर्फ हलवला. सहा वाजले, मावशी घरी जायच्या खोळंबल्या. शेवटी त्यांनाच आठवलं, गुरुवारच्या लसीकरणाला नेलेला एक कॅरियर, म्हणजे लस थंड ठेवायचा डबा, कपाटावर तसाच होता. आईस पॅकचं केव्हाच पाणी झालेलं, आणि तळाशी ती व्हायल. चार दिवस उकाड्यात राहून चौकोन काळा पडला होता. रिकामा करून ठेवायचं काम माझं होतं. नोंदवहीत लिहिलं, "१ व्हायल कॅरियरमध्ये सापडली." फेकताना वाईट वाटलं नाही अशी त्या ढिगात तेवढी एकच.

पुढच्या काही दिवसांत तपासनीस आला. आमच्या साखळीतला नव्हता, मुद्दाम बाहेरचा. प्रत्येक टोपली उचलून बघितली. पूर्वी मला अशा माणसांचा राग यायचा. त्या दिवशी चहा विचारला.

आता दंडाचं. दुसरा प्रकार थेंबांतून गेला, तर त्याच्यापासून रक्षण कशाने? सुईच्या लसीने, ती आपल्याकडे नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. गरीब देशांना लसींसाठी मदत करणाऱ्या ‘गावी’ (Gavi) या जागतिक संस्थेनेही सुरुवातीला हातभार लावला. पण सगळ्या जगाला एकदमच ती हवी, कारखाने थोडे, तुटवडा पडला. मग पूर्ण ०.५ मिलिऐवजी ०.१ मिलि कातडीत द्यायची पद्धत भारत आणि श्रीलंकेने आधी उचलली. तिची तपासणी क्युबात झाली होती. म्हणजे भाच्याच्या लेकीचा तो फोड क्युबामार्गे घणसोलीला आलाय. क्षयाची बीसीजीही कातडीतच देतात, ती देऊन हात बसलेला होता म्हणून आम्हाला जमलं, नाहीतर तेवढ्या बारीक जागेत सुई धरणं सोपं नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्या प्रकाराच्या लसजन्य साथी आफ्रिकेत वाढतच गेल्या. २०२२ मध्ये तो लंडनच्या सांडपाण्यात सापडला आणि न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला लुळेपणा आला. कपाटावर विसरलेला कॅरियर आमच्या एकट्या केंद्रात नसणार. पण मला वाटतं, फेकायला राहिलेल्या बाटल्यांपेक्षा पाजायची राहिलेली मुलंच जास्त महाग पडली. आमच्या खाणीवरची बिऱ्हाडं आठवतात. कार्ड गावी, पोर इथे, आणि पुढच्या महिन्यात दोघं तिसरीकडेच.

संध्याकाळी भाच्याने फोटो पाठवला. दंडावर आता लाल टिकलीएवढंच उरलंय. पुढची तारीख कार्डावर लिहून दिलीय का, ते आधी विचारलं. म्हणाला, कार्ड सासूच्या पर्समध्ये आहे आणि सासू कल्याणला गेलीय.