तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चष्म्यानं अडखळणं गेलं का?

नाही गेलं. एवढ्यावर भागलं असतं तर लिहायला बसलोच नसतो. पण लग्नात, ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये "तू म्हणे तो व्हीआरचा चष्मा लावून स्पीच थेरपी घेतलीस, मग गेलं का?" असं विचारणारे माझं उत्तर ऐकतच नाहीत. पहिला शब्द कुठे अडकतो तेवढं बघतात. 'नाही'तला 'ना' अडकला की त्यांचं काम झालं. म्हणून हे लेखी. लेखी मी अस्खलित आहे.

वेखंड, मध, तोंडात गोट्या, 'दीर्घ श्वास घे आणि सावकाश बोल' हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातल्या काहींनीच ते सुचवलं होतं. ते पुन्हा सांगत नाही.

थेरपिस्ट मॅडमनी पहिल्यांदा तो चष्मा, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी खोली आणि आभासी माणसं उभी करणारा हेडसेट, पुढे केला तेव्हा मीही तुमच्यासारखाच होतो. एवढं महागडं यंत्र आहे म्हणजे काहीतरी दुरुस्त करणारच. त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की यानं काही दुरुस्त होत नाही, यानं फक्त खोली बदलते. त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर मी बरा बोलतो. एकटा असताना किंवा गाणं म्हणताना तर जवळजवळ अडखळतच नाही, आमच्यातल्या बहुतेकांचं तसंच असतं. गोची होते ती काउंटरवर, फोनवर, मुलाखतीत. ती जागाच दवाखान्यात आणता आली तर सराव करता येतो.

मी वाद घातला. चष्म्यातल्या बाहुल्यांसमोर कोण अडखळेल? मॅडमनी वॉशिंग्टनमधल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातलं शेली ब्रन्डेज यांचं काम सांगितलं. 2006 साली त्यांनी दाखवलं की आभासी मुलाखतीत समोरचा खवचट असला तर माणसं जास्त अडखळतात, समजूतदार असला तर कमी. पुढे 2015 मध्ये खऱ्या श्रोत्यांसमोरचं आणि आभासी श्रोत्यांसमोरचं अडखळणं ताडून पाहिलं, तर एकीकडे जास्त अडखळणारा दुसरीकडेही जास्तच अडखळत होता. मला पटलं नाही. लावून बघू म्हटलं.

आता तो दिवस.

मुलाखतीची खोली. टेबलापलीकडे तिघं, मधला टकला, टाय लावलेला. लॅपटॉपवरून मॅडम त्यांना मान हलवायला, घड्याळ बघायला, आपापसात कुजबुजायला लावू शकत होत्या. त्यांचे मूळचे आवाज अमेरिकन इंग्रजी होते. मॅडमनी ते बंद करून स्वतःच मराठीत विचारलं, "नाव?"

माझं नाव 'प'वरून सुरू होतं. ओठ मिटले ते मिटलेच. टकल्यानं घड्याळ बघितलं. आणि मी म्हणालो, "सचिन."

माझं नाव सचिन नाही. हॉटेलात वेटिंगला नाव देताना, लाँड्रीत, शिंप्याकडे मी वर्षानुवर्षं सचिन आहे. 'स' माझ्या तोंडून सहज निसटतो. बायकोला हे कळलं ते एकदा माझी पँट आणायला शिंप्याकडे गेली तेव्हा. माझ्या नावाची पावतीच नव्हती. पण शिंपी निदान खरा माणूस होता! इथे समोर तीन बाहुल्या, आणि शेजारी मॅडम, ज्यांच्या फाइलवर माझं नाव ठळक लिहिलेलं होतं. म्हणजे मी कुणापासून काय लपवत होतो?

मॅडमनी टोकलं नाही. टकला मॅडमच्या आवाजात म्हणाला, "बसा सचिन. शिक्षण काय झालंय सचिन?" मी शिक्षण सांगितलं. अनुभव सांगितला. सांगताना फारसा अडखळलोही नाही, हे मला आजही खटकतं. मग त्यानं विचारलं, "पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव?"

सचिनच्या वडिलांचं नाव मी कधी ठरवलंच नव्हतं.

हेडसेट काढून टेबलावर ठेवला, ठेवला म्हणजे आपटलाच, आणि विचारलं, हा काय प्रकार आहे? मॅडम म्हणाल्या, "नाव तुम्हीच सांगितलंत." मी खाली उतरलो, टपरीवर चहा घेतला आणि सरळ घरी गेलो.

त्यांनी केलं ते बरोबर होतं का? बायको म्हणते, कुणीतरी करायलाच हवं होतं. ओळखीच्या दुसऱ्या एका थेरपिस्टच्या मते रुग्णाला आधी न सांगता असं करू नये. दोघींचं ऐकताना दोघींचं पटतं. एक खरं, की समोरासमोर बसून मॅडमनी मला 'सचिन' म्हटलं असतं तर मी हसून विषय बदलला असता. टकल्याला माझं हसू दिसत नव्हतं.

काही आठवड्यांनी परत गेलो. त्याच टकल्याला खरं नाव सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, पण संपूर्ण. खरी माणसं दुसऱ्या अक्षराला माझं नाव स्वतःच पूर्ण करून टाकतात, तो नुसता बघत राहिला. यंत्राची ही मेहेरबानी, आणि हाच त्याचा दोष, कारण बाहेर एवढं थांबतं कोण? दुसरा दोष कुणी सांगत नाही. शब्द अडकला की मी डोळे घट्ट मिटतो, आणि हेडसेट नेमके डोळेच झाकतो. ज्यावर काम करायचं तेच मॅडमना दिसेना. शिवाय फार वेळ लावला की मळमळायचं.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं नावडतं उत्तर. तुम्ही मोजाल तर मी पूर्वीपेक्षा जास्त अडखळतो. पूर्वी शब्द बदलून, नाव बदलून, गप्प बसून निभावत होतो. आता जे म्हणायचं तेच म्हणतो, मग ते अडकतं. तुम्हाला अडकणं ऐकू येतं. टाळलेलं तुम्हाला कधी ऐकू आलंच नव्हतं.

हे हेडसेटशिवाय झालं नसतं का? झालं असतं. 2008 पासून द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन या अडखळणाऱ्यांच्या संघटनेची माणसं एकमेकांना धरून खऱ्या रस्त्यावर, खऱ्या अनोळखी माणसांशी बोलायला लावतायत, तेही फुकट. मला त्यांच्यात जायची लाज वाटत होती, बाहुल्यांची नाही. यात यंत्राचं कौतुक किती आणि माझा भित्रेपणा किती, हा हिशेब माझ्याच्यानं लागत नाही.

अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या वडिलांसाठी एकानं विचारलं होतं. लंडनच्या सिटी विद्यापीठानं त्यासाठी ईव्हा पार्क नावाचं आभासी बेट केलं, हेडसेट नाही, साधा कॉम्प्युटर. 2016 च्या त्यांच्या अभ्यासात 20 जण पाच आठवडे त्यावर मदतनीसांशी गप्पा मारत होते. रोजच्या व्यवहारातला संवाद सुधारला, बाकीच्या चाचण्यांत लक्षणीय फरक पडला नाही. हे वाचून मला बरं वाटलं, का ते तुम्हाला कळलं असेल.

आणि वहिनी, पाच वर्षांच्या पुतण्यासाठी हेडसेट घेऊ नका. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटानंच वयाची अट 2023 मध्ये 13 वरून 10 वर आणली, त्याखाली तेही नको म्हणतात. एवढ्या लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियातला लिडकोम कार्यक्रम आहे, त्यात थेरपिस्ट आईवडिलांना शिकवतात आणि आईवडील रोज घरी करतात. चांगली थेरपिस्ट गाठा. माझ्या मॅडमचा नंबर हवा असेल तर मेसेज करा, फोन नको.